अंगणात जेसीबी शिरण्याआधी: खासगी जागेतलं खोदकाम आणि गोव्यातल्या घरमालकाचे हक्क

भूमिगत वीज केबल, मलनिस्सारण वाहिनी, इंटरनेटची फायबर, घरगुती गॅस, पाण्याची जुनी पाइपलाइन बदलणं. गोव्यात यातलं काही ना काही सतत कुठेतरी खोदलं जात असतं. रस्ता अरुंद, दोन्हीकडे चिऱ्यांचे गडगे, म्हणजे कुंपणभिंती. मग ठेकेदाराला सोपी वाट दिसते ती तुमच्या भाटातून (माडापोफळीच्या बागेतून) किंवा कुंपणाच्या आतून.

गेटवर माणसं आली की लोक दोन प्रकारे वागतात. काही जण "सरकारी काम, आपण काय बोलणार" म्हणत गेट उघडून देतात. काही जण जेसीबीपुढे आडवे उभे राहतात. पहिल्यांना भरपाई मिळत नाही, दुसऱ्यांवर पोलीस तक्रार होते. खरी गोष्ट अशी की लोकोपयोगी काम कायमचं रोखणं बहुतेक वेळा जमत नाही. मात्र चर कुठून जाईल, तो कसा बुजवला जाईल आणि नुकसानीचे पैसे कोण देईल, हे ठरवून घेणं तुमच्या हातात असतं. ते सही करण्याआधी करायचं. सही झाल्यावर कोणी फोनही उचलत नाही.

१. जागा नक्की कोणाची, ते कागदावर बघा

गेटच्या आत ते सगळं माझं, हा समज गोव्यात बऱ्याचदा चुकतो. उलटही होतं. डांबरी रस्ता म्हणजे सरकारी जागा, हेही खरं नसतं. जुन्या पायवाटा पंचायतीने रुंद करून डांबर घातलं, पण जमीन कधी संपादित केली नाही, अशी उदाहरणं जवळपास प्रत्येक गावात सापडतात. सर्वे प्लॅनवर तो रस्ता तुमच्याच सर्वे क्रमांकात दिसतो.

गावातली जागा असेल तर एक चौदाचा उतारा (फॉर्म १ व १४, जमिनीच्या हक्कांची नोंद) आणि सर्वे प्लॅन काढा. शहर भूमापन झालेल्या भागात फॉर्म डी, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, आणि त्याचा नकाशा. दोन्ही भूमापन व भूमी अभिलेख खात्याकडून मिळतात, बरंचसं ऑनलाइनही मिळतं. मग तीन गोष्टी तपासा.

पहिली, सीमा. गडगा बांधताना अनेकांनी तो हद्दीच्या मीटरभर आत घेतलेला असतो, काहींनी बाहेर. प्लॅनवरचं अंतर टेपने मोजून बघा. घराच्या बांधकाम परवान्यात रस्ता रुंदीकरणासाठी पट्टा सोडायला लावला होता का, तेही मंजूर नकाशात दिसेल.

दुसरी, नावं. एक चौदावर आजोबांचंच नाव असेल आणि वारसांची वाटणी झालेली नसेल, तर एकट्या भावाने दिलेल्या संमतीला फारसा अर्थ नाही. गोव्यात इथल्या नागरी कायद्यानुसार पती-पत्नीची मालमत्ता सहसा सामाईक असते, म्हणून जमिनीवर कायमचा हक्क देणाऱ्या कोणत्याही कागदावर दोघांच्या सह्या लागतात. "कुटुंबप्रमुखाची सही पुरे" असं ठेकेदाराचा माणूस म्हणतो तेव्हा तो स्वतःची सोय बघत असतो.

तिसरी, इतर हक्क. त्या रकान्यात मुंडकाराचं (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याचं) नाव असेल, तर भाटकाराने, म्हणजे जमीनमालकाने, परस्पर दिलेली संमती पुरेशी समजू नका. वीजवाहिन्यांच्या नियमांत 'मालक किंवा वहिवाटदार' असा शब्दप्रयोग आहे, म्हणून एकाची संमती पुरे असं कोणी म्हणेल. पण ज्याच्या न्हाणीघराच्या भिंतीला लागून चर जाणार त्याला १९७५ च्या मुंडकार कायद्याचं संरक्षण आहे, त्यामुळे त्याचंही लेखी म्हणणं घ्यावं. जागा कोमुनिदादची (गावची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेची) असेल तर कोमुनिदादला विचारावं लागतं. गृहनिर्माण सोसायटीत एकट्या सचिवाची सही धरू नका, बैठकीचा ठराव मागा.

२. आलेली माणसं कोणाची, आणि कोणत्या कायद्याने आली

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि तिथेच फसतात. वीज, दूरसंचार, गॅस आणि पाणी यांचे कायदे वेगळे आहेत. कोणाला तुमची संमती आधी लागते, कोणाला नोटीस पुरते, हे त्यावर ठरतं. म्हणून पहिला प्रश्न विचारायचा तो "कुठे खोदणार" हा नाही. "कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली खोदणार" हा विचारायचा, आणि उत्तर लेखी मागायचं.

वीज. गोव्यात वितरण वीज खात्याकडे आहे. वीज कायदा २००३ च्या कलम ६७ प्रमाणे काम करताना कमीत कमी नुकसान आणि गैरसोय करणं, आणि झालेल्या नुकसानीची पूर्ण भरपाई देणं बंधनकारक आहे. त्याच कलमाखाली २००६ साली वीज परवानाधारकांच्या कामांचे नियम आले. त्यातला नियम ३ प्रत्येक घरमालकाने लक्षात ठेवावा: खासगी जमिनीत किंवा इमारतीत वाहिनी टाकायला मालकाची किंवा वहिवाटदाराची पूर्वसंमती हवी. तुम्ही हरकत घेतली, तर खात्याला जिल्हा दंडाधिकाऱ्यांची, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांची, किंवा सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी घ्यावी लागते. परवानगी देताना ते भरपाई किंवा वार्षिक भाडं ठरवतात. तो आदेश मान्य नसेल तर गोवा आणि केंद्रशासित प्रदेशांसाठी असलेल्या संयुक्त वीज नियामक आयोगाकडे फेरविचार मागता येतो.

इथे दोन अपवाद. उच्चदाबाच्या पारेषण वाहिन्यांसाठी कलम १६४ खाली जुन्या तार कायद्याचे अधिकार दिले जाऊ शकतात. ते दिलेले असतील तर आधी संमती घेण्याची गरज उरत नाही, भरपाई मात्र पूर्ण द्यावी लागते. म्हणून "कलम १६४ चा आदेश आहे का? प्रत द्या" असं विचारायचं. दुसरा अपवाद तुमच्या स्वतःच्या जोडणीचा. मीटर किंवा सर्व्हिस वायर तपासायला कलम १६३ खाली कर्मचारी तुम्हाला कळवून वाजवी वेळी आत येऊ शकतात, आणि अडवलं तर लेखी नोटीस देऊन २४ तासांनंतर वीज तोडता येते. ही तपासणी आणि शेजाऱ्याकडे जाणारी नवी केबल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शेजाऱ्याच्या जोडणीसाठी कोणी "अडवलंत तर तुमची लाइन कापू" म्हणालं, तर हेच लेखी द्या म्हणून सांगा.

दूरसंचार. जून २०२४ पासून दूरसंचार कायदा २०२३ मधल्या मार्गहक्काच्या (दुसऱ्याच्या जागेतून वाहिनी नेण्याच्या हक्काच्या) तरतुदी लागू आहेत, आणि त्यांचे नियम १ जानेवारी २०२५ पासून. खासगी जागेसाठी कंपनीने तुमच्याकडे अर्ज करायचा आणि आपसांत करार करायचा, असा त्याचा ढाचा आहे. तुम्ही नाही म्हटलं आणि केंद्र सरकारला सार्वजनिक हितासाठी ती जागा गरजेची वाटली, तर सरकार पुढची प्रक्रिया करू शकतं. पण तो निर्णय सरकारचा असतो, गेटवर उभ्या असलेल्या सुपरवायझरचा नाही. फायबर टाकली म्हणून कंपनीला जमिनीवर मालकी मिळत नाही.

गॅस. मोठी वाहिनी १९६२ च्या पेट्रोलियम व खनिज वाहिनी कायद्याखाली येते. राजपत्रातल्या अधिसूचनेनंतर हरकत घ्यायला २१ दिवस मिळतात. ही मुदत हुकली की दार जवळजवळ बंद. या कायद्यातलं कलम ७ घरमालकाच्या बाजूचं आहे आणि ते फार थोड्यांना ठाऊक असतं. अधिसूचनेच्या आधीपासून राहण्यासाठी वापरली जाणारी जमीन, पक्कं बांधकाम असलेली जमीन आणि राहत्या घराला लागून असलेली त्या घराची जमीन, यांखालून वाहिनी नेता येत नाही. पृष्ठभागापासून १ मीटरपेक्षा कमी खोलीवरही नेता येत नाही. भाट किंवा शेत मात्र यातून सुटत नाही. तिथून वाहिनी गेली तर त्या पट्ट्यावर पुढे बांधकाम, विहीर, टाकी किंवा झाड करता येत नाही. त्याबद्दल अधिसूचनेच्या दिवशीच्या बाजारभावाच्या १० टक्के रक्कम आणि झालेल्या नुकसानीची वेगळी भरपाई मिळते. घरात स्वयंपाकाच्या गॅसची जोडणी तुम्ही स्वतः मागितली असेल, तर ते तुमच्या अर्जातल्या अटींवर चालतं. सही करण्याआधी त्या बारीक अक्षरातल्या अटी वाचा.

पाणी आणि मलनिस्सारण. मलनिस्सारण वाहिन्यांची बरीच कामं राज्याचं मलनिस्सारण व पायाभूत सुविधा महामंडळ करतं. इथे ठेकेदाराचा पंचायतीचा किंवा सार्वजनिक बांधकाम खात्याचा रस्ता खोदाई परवाना दाखवण्यावर भर असतो. तो परवाना रस्त्यापुरता. तुमच्या सर्वे क्रमांकात शिरायला तो चालत नाही, आणि पंचायतीचा ना हरकत दाखला म्हणजे तुमची संमती नव्हे.

३. पहिल्या दिवशी गेटवर

आवाज चढवू नका, यंत्रासमोर उभे राहू नका. लोकसेवकाच्या कामात अडथळा आणल्याबद्दल भारतीय न्याय संहितेच्या कलम २२१ खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा २,५०० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हात उचलला तर त्याहून गंभीर कलम लागतं. शिवाय ज्या घरमालकावर गुन्हा नोंदला गेला त्याच्या भरपाईच्या अर्जाकडे अधिकारी वेगळ्या नजरेने बघतात. हे बरोबर नाही, पण होतं.

गेट बंदच ठेवून, शांतपणे हे मागा:

• काम करून घेणाऱ्या खात्याचं किंवा कंपनीचं नाव, आणि कार्यादेशाची प्रत. ठेकेदाराचं ओळखपत्र पुरत नाही.
• साइटवरच्या कनिष्ठ अभियंत्याचं नाव आणि कार्यालयाचा फोन.
• मार्गाचा नकाशा, त्यात तुमचा सर्वे क्रमांक दाखवलेला.
• कायद्याचं कलम, आणि असल्यास जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश.
• 'कॉल बिफोर यू डिग' अ‍ॅपवर खोदकामाची सूचना दिली असेल तर तिची नोंद. २०२३ मध्ये सुरू झालेलं हे अ‍ॅप आधीच्या केबल तुटू नयेत म्हणून आहे.

कागद नसतील तर "कागद घेऊन या, मग बोलू" एवढंच म्हणायचं. त्याच दिवशी संबंधित साहाय्यक अभियंत्याच्या नावे एक पानी पत्र लिहा: अमुक तारखेला अमुक वाजता माणसं आली, कागद दाखवले नाहीत, माझी संमती नाही, लेखी प्रस्ताव द्यावा. आवक शिक्का मारलेली पोच घ्या आणि एक प्रत मामलेदारांच्या कार्यालयात द्या. पंचायतीतही दिली तर बरं, सचिवाकडे निदान नोंद राहते. तरीही जबरदस्तीने शिरले तर ११२ वर फोन करा आणि मोबाइलवर चित्रीकरण चालू ठेवा.

एक गोष्ट खुल्या मनाने करावी. पाइप फुटून पाणी वाहत असेल, केबल जळत असेल, तर आत येऊ द्या. तेव्हा कागदावरून अडून बसलात आणि कोणाला इजा झाली तर ते अंगाशी येतं. दुरुस्ती झाल्यावर त्याच दिवशी नुकसानीची नोंद करून पत्र द्या.

४. खोदण्याआधीची नोंद

भरपाईचा वाद सुरू झाला की समोरून ठरलेलं उत्तर येतं: "ही भेग आधीपासूनच होती." म्हणून नोंद आधीच करून ठेवायची. अर्धा दिवस जातो, पण पुढचा सगळा वाद त्यावर उभा राहतो.

मोबाइलमध्ये तारीख आणि ठिकाण दिसेल असं करून फोटो काढा. आधी लांबून संपूर्ण बाजू, मग प्रत्येक तीन-चार मीटरचा गडगा, मग भेगा. भेग आधीच असेल तर तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने आडवी रेघ मारून तारीख लिहा. पुढे भेग रेघेपलीकडे गेली तर सांगायला काही उरत नाही. गडगा ओळंब्याने तपासा आणि वरच्या चिऱ्यावरून सोडलेली दोरी खालच्या चिऱ्यापासून किती सेंटीमीटर दूर राहते ते लिहून ठेवा. सुक्या चिऱ्यांचा जुना गडगा चर शेजारून गेला की झुकतो, कारण त्याचा पाया फार तर एखाद-दोन चिऱ्यांचा असतो.

अंगणातल्या फरशा, पेव्हर ब्लॉक, तुळशी वृंदावन, गेटचा खांब, पाण्याची टाकी यांची मापं घ्या. सेप्टिक टाकी आणि शोषखड्डा कुठे आहे हे स्वतः नकाशावर दाखवून द्या. ठेकेदाराला ते कळायला दुसरा मार्ग नाही. आजकाल रस्ता न फोडता जमिनीखालून आडवं ड्रिल मारतात. वरून काही दिसत नाही, आणि ड्रिल थेट सेप्टिक टाकीच्या भिंतीतून आरपार जातं. महिन्याभराने वास यायला लागला की मग शोध सुरू होतो.

विहीर असेल आणि मलवाहिनी जाणार असेल, तर खोदकामाआधी पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत तपासून अहवाल ठेवा. नंतर पाणी बिघडलं तर तुलनेला दुसरं काहीच नसतं.

झाडं मोजा. माड, पोफळी, फणस, आंबा, प्रत्येकाचं खोडापासून चरापर्यंतचं अंतर लिहा. माडाची कामाची बहुतेक मुळं खोडापासून सुमारे दोन मीटरच्या आत असतात. चर त्यातून गेला तर माड लगेच मरत नाही, तो पुढच्या वाऱ्यात पडतो, आणि तोवर ठेकेदार निघून गेलेला असतो. झाड तोडायचंच असेल तर १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली वन खात्याच्या वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. २०१६ मध्ये माड त्या कायद्याच्या व्याख्येतून वगळला गेला होता, नंतर परत घेतला. त्यामुळे "माडाला परवानगी लागत नाही" हे ऐकून घेऊ नका. परवानगी नसताना तोडलेल्या झाडाबद्दल आधी विचारणा जागेच्या मालकाकडे होते.

५. संमती द्यायची तर कशी द्यायची

समोर येणारा कागद साधारण असा असतो: वर ठेकेदाराचं लेटरहेड, मध्ये दोन ओळी, "माझ्या जागेतून काम करण्यास माझी कोणतीही हरकत नाही", खाली ठिपक्यांवर सही. त्यात सर्वे क्रमांक, लांबी, खोली, मुदत, भरपाई यांतलं काहीच नाही. या कागदावर सही केलीत तर उद्या त्याच चरातून दुसरी केबल, परवा तिसरी. हा कागद परत द्या आणि स्वतःचा लिहा. मराठीत लिहिला तरी चालतो.

नमुना:

"माझ्या गाव ____, सर्वे क्र. ____, उपविभाग ____ येथील जागेत, सोबतच्या नकाशात लाल रेषेने दाखवलेल्या मार्गावरून ____ मीटर लांब, ____ सेंमी रुंद व ____ सेंमी खोल असा एकच चर खोदून एक ____ केबल/पाइप टाकण्यास खालील अटींवर संमती देत आहे. ही संमती या एकाच वाहिनीपुरती आहे. तिच्यामुळे जागेच्या मालकीत वा ताब्यात बदल होत नाही."

खाली अटी. यातल्या सगळ्या मिळतीलच असं नाही. पण पहिल्या चार सोडू नका:

• काम ____ तारखेला सुरू होऊन ____ दिवसांत संपेल. तसं न झाल्यास संमती आपोआप रद्द.
• जागा पूर्वस्थितीत आणण्याची जबाबदारी खात्याची किंवा कंपनीची, फक्त ठेकेदाराची नव्हे.
• एक संपूर्ण पावसाळा उलटेपर्यंत चर खचला, भिंत झुकली किंवा फरशी बसली तर विनामूल्य दुरुस्ती.
• पुढे दुरुस्तीसाठी यायचं असल्यास आधी लेखी कळवणं, तातडीचा प्रसंग सोडून.
• नवी वाहिनी, खांब, चेंबर किंवा फीडर पिलर (वीज वाटपाची पेटी) यासाठी वेगळी संमती.
• मालकाला घर वाढवायचं असल्यास वाहिनी हलवण्याचा खर्च कोणाचा, ते स्पष्ट.
• झाडं, पीक, भिंत यांची ठरलेली रक्कम काम सुरू होण्याआधी.
• काम झाल्यावर मोजमापांसह प्रत्यक्ष नकाशा.

वाहिनी हलवण्याची अट फार जण विसरतात. घराच्या मागे दोन खोल्या काढायच्या ठरल्या की केबल आडवी येते, आणि हलवण्याच्या खर्चाचा अंदाज तुमच्या नावावर निघतो.

या कागदावर अभियंत्याची किंवा कंपनीच्या अधिकृत माणसाची सही आणि शिक्का हवा. ठेकेदाराची एकट्याची सही असेल तर काम संपल्यावर "आमचा त्याच्याशी संबंध नाही" हे उत्तर ठरलेलं. कायमचा मार्गहक्क देणारा करार करायचा असेल, तर मात्र वकिलाकडून तपासून नोंदणी करून घ्या. तिथे साध्या पत्रावर भागत नाही.

६. काम चालू असताना काय बघायचं

तुम्ही अभियंता असण्याची गरज नाही. एक टेप आणि थोडा वेळ पुरे.

खोली. भारतीय मानक आयएस १२५५ प्रमाणे कमी दाबाची केबल साधारण ७५ सेंमी, ११ केव्हीपर्यंतची ९० सेंमी, ३३ केव्हीची १०५ सेंमी खोल असावी. चिऱ्याचा खडक लागला की मजूर कंटाळतात आणि ४० सेंमीवरच केबल टाकून माती ओढतात. पुढे तुम्ही केळ लावायला कुदळ मारलीत की काय होईल, ते सांगायला नको. केबलच्या खाली आणि वर सात-आठ सेंमी वाळू किंवा चाळलेली माती, त्यावर विटा किंवा फरशा, त्यावर इशाऱ्याची प्लास्टिक पट्टी. ही थरांची रांग झाकण्याआधी टेप उभी धरून फोटो काढा. झाकल्यावर पुरावा संपला.

पाणी आणि मलवाहिनी शेजारी असतील तर त्यांच्यात आडवं अंतर ३ मीटर ठेवावं, आणि एकमेकांना छेदत असतील तर पाण्याची पाइप किमान अर्धा मीटर वर असावी. अरुंद वाड्यांत ३ मीटर मिळत नाही, तेव्हा निदान एकाच चरात दोन्ही घालू देऊ नका.

भिंतीपासून अंतर. जोत्याच्या किंवा गडग्याच्या पायाखाली चर जितका खोल, निदान तितका तो लांब असावा. १ मीटर खोल जायचं तर मीटरभर लांब. जागा नसेल तर लहान तुकड्यांत खोदून लगेच बुजवत जायचं, वीस मीटर एकदम उघडं टाकायचं नाही. दीड मीटरपेक्षा खोल चराला बाजूंनी आधार लागतो. उघड्या चराभोवती रात्री अडथळे आणि दिवा हवा. घरात लहान मुलं किंवा म्हातारी माणसं असतील तर याबाबत भीड ठेवू नका.

बुजवणं. सगळ्यात जास्त बिघडतं ते इथे. माती १५ ते २० सेंमीच्या थरात टाकायची, थोडं पाणी मारायचं, धुमस करायची, मग पुढचा थर. प्रत्यक्षात जेसीबीने एका ढकलीत सगळी माती लोटतात, वर दोन फेऱ्या मारतात आणि जातात. मे महिन्यात ते सपाट दिसतं. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात चर एक वीत खाली बसतो. जमीन उताराची असेल तर आणखी एक भानगड: सैल भरलेला चर जमिनीखालचा पाट बनतो. वरच्या भाटातलं पाणी त्यातून सरळ तुमच्या जोत्यापाशी येतं आणि भिंतीला खालून ओल धरते. उतारावर दर काही मीटरला चिकणमातीचा किंवा काँक्रीटचा आडवा बांध चरात घालायला सांगा. ठेकेदार कुरकुर करेल. खर्च फार नाही, सांगून करून घ्या.

काम एप्रिलच्या शेवटी सुरू होत असेल तर सरळ विचारा की पावसाआधी बुजवून होणार का. नसेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबरची तारीख मागा.

७. भरपाई मागताना

"अंगण खराब झालं, भरपाई द्या" अशा अर्जाला कोणी हात लावत नाही. रक्कम हवी, आणि रकमेमागे हिशेब हवा. नोंदणीकृत अभियंत्याकडून अंदाजपत्रक करून घ्या आणि दर सार्वजनिक बांधकाम खात्याच्या गोवा दरसूचीतले धरायला सांगा. त्या दरांवर खात्याला वाद घालणं अवघड जातं. झाडांसाठी विभागीय कृषी कार्यालयाकडे पाहणीचा अर्ज करा. भिंत, फरशी, झाडं, पाण्याची टँकरची बिलं, गाडी बाहेर ठेवावी लागली त्याचं भाडं, असं सगळं वेगवेगळ्या ओळीत लिहा. बिलं नसतील ती ओळ गाळा. फुगवलेली एक ओळ बाकीच्यांनाही संशयास्पद करते.

तलाठ्याकडून किंवा पंचायतीकडून पंचनामा होत असेल तर उत्तम. नसेल होत, तर दोन शेजाऱ्यांच्या सह्यांनिशी स्वतः स्थळपाहणी लिहून ठेवा.

अर्ज ठेकेदाराला नको, कार्यकारी अभियंत्याला. सरकारी कामात ठेकेदाराची सुरक्षा ठेव दोष दायित्वाच्या मुदतीपर्यंत (कामात दोष निघाला तर त्याने दुरुस्त करून द्यायच्या मुदतीपर्यंत) खात्याकडे अडकलेली असते. तुमचं पत्र त्या फाइलमध्ये असेल तर अंतिम बिल काढण्याआधी कोणाला तरी उत्तर द्यावं लागतं. म्हणूनच "काम समाधानकारक झालं" अशा पत्रावर घाईने सही करू नका. मजुरांना चहा दिलात म्हणून ती सही देणं लागत नाही.

फाइलमध्ये काय आहे हे कळत नसेल तर माहिती अधिकार वापरा. १० रुपये शुल्क, ३० दिवसांत उत्तर. कार्यादेश, मंजूर मार्ग नकाशा, रस्ता खोदाई परवाना, अंदाजपत्रकात जागा पूर्ववत करण्यासाठी धरलेली रक्कम आणि दोष दायित्वाची मुदत, एवढंच मागा. खासगी कंपनीला हा कायदा थेट लागू नाही, पण तिला परवानगी देणाऱ्या खात्याला आणि पंचायतीला लागू आहे. पूर्ववत करण्यासाठी किती रक्कम धरली होती हा आकडा हातात आला की बोलणी बदलतात.

८. तरीही ऐकत नसतील तर

वीज कायद्याखालच्या भरपाईचा वाद कलम ६७ प्रमाणे नियामक आयोगापुढे जातो. दूरसंचारच्या मार्गहक्काचे वाद जिल्हाधिकाऱ्यांपुढे. पेट्रोलियम वाहिनीची भरपाई आधी सक्षम अधिकारी ठरवतो, मान्य नसेल तर जिल्हा न्यायाधीश. अर्ज चुकीच्या ठिकाणी केला तर सहा महिने फुकट जातात, म्हणून कलम आधी पक्कं करायचं.

दिवाणी न्यायालयातून स्थगिती आणू, हा सगळ्यांचा पहिला विचार. पण २०१८ च्या दुरुस्तीनंतर विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ४१ मध्ये अशी भर पडली की पायाभूत प्रकल्पाला अडथळा वा उशीर होणार असेल तर मनाई हुकूम देता येत नाही. वीज, पाणी, मलनिस्सारण, दूरसंचार हे सगळे त्यात मोडतात. शिवाय सरकारविरुद्ध दावा करायचा तर आधी दोन महिन्यांची नोटीस लागते. तातडी असेल तर न्यायालयाच्या परवानगीने ती टाळता येते. कायद्याचा आधार न दाखवता घुसखोरी होत असेल, तर संविधानाच्या कलम ३००-अ च्या आधारे पर्वरीच्या गोवा खंडपीठात रिट याचिका हा मार्ग उरतो. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कोलकाता महापालिकेच्या प्रकरणात या कलमातून सात हक्क निघतात असं सांगितलं. नोटीस मिळणं, म्हणणं ऐकून घेतलं जाणं, सकारण निर्णय आणि न्याय्य भरपाई हे त्यातलेच. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे चौकशी करा. महिलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मदत मिळते.

मुदतीचा सापळा मात्र डोळ्यांत तेल घालून सांभाळा. अतिक्रमणाच्या भरपाईसाठी तीन वर्षं असतात, म्हणून लोक निवांत राहतात. पण एखाद्या कायद्याखाली केलेल्या कृतीबद्दल भरपाई मागायची असेल तर मुदत कायद्याप्रमाणे अवधी एकच वर्ष आहे, आणि खातं नेमकं तेच म्हणणार की आम्ही कायद्याखाली खोदलं. खोदकामाच्या तारखेपासून एक वर्ष हीच शेवटची तारीख धरून चाला. पत्रांची देवाणघेवाण चालू आहे म्हणून ती थांबत नाही.

९. पावसाळ्यात दर महिन्याला एक फेरी

जून ते सप्टेंबर महिन्यातून एकदा चराच्या बाजूने चालत जा. खड्डा पडलाय का, ओळंब्याची दोरी गडग्यापासून आता किती दूर राहते, पेन्सिलीच्या रेघा भेगेने ओलांडल्या का, जोत्याला नवी ओल आली का. फरक दिसला की त्याच आठवड्यात फोटोसह पत्र, कारण दोष दायित्वाची मुदत मागे उभी आहे तोवरच ठेकेदार परत येतो.

आणि वाहिनीची जागा कायमची नोंदून ठेवा. प्रत्येक वळणाचं अंतर दोन न हलणाऱ्या ठिकाणांपासून मोजा, म्हणजे घराच्या ईशान्य कोपऱ्यापासून २.४ मीटर, विहिरीच्या कठड्यापासून ५.१ मीटर, असं. गेटचा खांब किंवा झाड धरू नका, दोन्ही हलतात. हा कागद एक चौदाच्या उताऱ्याला टाचून ठेवा आणि एक फोटो घरातल्या दुसऱ्या कोणाच्या तरी मोबाइलमध्येही असू द्या. दहा वर्षांनी नवी सेप्टिक टाकी खणायला येणारा माणूस पहिली कुदळ मारण्याआधी तोच कागद मागेल.